गाडी ऑइल खाते, पण नेमकी कुठून?

ऑइलची पातळी बघायची डिपस्टिक बाहेर काढावी आणि टोकाला जेमतेम ऑइल लागलेलं दिसावं. ऑइल बदलून फार दिवस झालेले नाहीत, गाडी उभी असते तिथे जमिनीवर थेंबही नाही, आणि मागून येणारा मित्र सांगतो की तू रेस दिलीस की धूर दिसतो. जुनी फोर स्ट्रोक मोटरसायकल वापरणाऱ्याला हा दिवस कधी ना कधी बघावा लागतो. मग ज्याला विचाराल तो एकच सांगतो, "रिंगा गेल्या. इंजिन खोला." रिंगा म्हणजे पिस्टनच्या खाचांत बसणारी कडी.

माझ्या पहिल्या गाडीचं इंजिन मी असंच खोलायला दिलं होतं. रोज सकाळी पहिल्या किकला ती निळसर धुराचा एक लोट सोडायची आणि मिनिटभरात शांत व्हायची. ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो भाग, बोअर झाला (आतून कापून रुंद केला), पिस्टन नवा, रिंगा नव्या. गाडी परत आली आणि सकाळचा लोट जसाच्या तसा. दोष होता हेडमधल्या, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वॉल्व्हच्या भागातल्या, वॉल्व्ह सीलमध्ये. करंगळीच्या टोकावर बसतील अशा त्या दोन रबरी टोप्या, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने प्लास्टिकसारख्या कडक झालेल्या. हेड त्या कामात बाहेर आलंच होतं, तरी सील तशीच राहिली, कारण ऑइल कुठून जातंय हे मीही विचारलं नाही आणि कुणी बघितलंही नाही. चांगला ब्लॉक उगाच कापला गेला याची चुटपुट मला अजून आहे.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. ऑइल कोणत्या वाटेने जातंय ते कळल्याशिवाय हेडचा एकही नट सैल करायचा नाही. वाटा मोजक्याच असतात. पॅकिंग किंवा ऑइल सीलमधून बाहेर गळणं, रिंगांवरून वर चढून जळणं, वॉल्व्हच्या गाइडमधून (वॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) खाली उतरून जळणं, आणि इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून एअर बॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) ओढलं जाणं. प्रत्येक वाटेची खूण वेगळी. त्या ओळखायला प्लगपाना, स्वच्छ फडकं, टॉर्च, मापाची सिरिंज, एक वही आणि शेवटी कुणाकडून तरी उसना आणलेला, सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज एवढं पुरतं.

(टू स्ट्रोक गाडीत पेट्रोलसोबत ऑइल जळणं हीच मुळात योजना असते. इथलं सगळं फोर स्ट्रोकबद्दल आहे.)

पायरी १: आधी मोजा

"खूप ऑइल खाते" हे वाक्य निदानाच्या कामाचं नाही. किती किलोमीटरला किती मिलिलिटर, हा आकडा हवा. आणि तो आकडा डिपस्टिक कशी बघता यावर अवलंबून असतो, म्हणून तिथून सुरुवात करू.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर घ्या. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी सरळ धरायला सांगा. साइड स्टँडवर गाडी एका बाजूला कलते, ऑइलही तिकडे जातं, आणि डिपस्टिक कोणत्या बाजूला आहे त्यानुसार पातळी खरीपेक्षा जास्त किंवा कमी दिसते. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा म्हणजे हेडमधलं ऑइल खाली उतरेल. डिपस्टिक पुसा आणि पुन्हा आत घाला. इथे एक बारीक गोम आहे. काही गाड्यांत डिपस्टिक आटे फिरवून पूर्ण बसवून बघायची असते, तर काहींत नुसती तोंडावर टेकवून. दोन्हींत फरक आट्यांच्या उंचीएवढा पडतो, आणि लहान इंजिनात तेवढ्याने चांगलीच फसगत होते. मॅन्युअल सांगतं तसंच करा आणि प्रत्येक वेळी तसंच करा. डिपस्टिकऐवजी पातळी बघायची काच असलेल्या गाडीतही हाच नियम. ऑइल वेगळ्या टाकीत असणाऱ्या काही जुन्या गाड्यांत रात्रभरात ऑइल टाकीतून इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं, त्यामुळे सकाळी टाकी रिकामी भासते. तिथे इंजिन चालवल्याशिवाय पातळी बघून टॉप-अप केलंत तर ऑइल जास्त होतं आणि नवाच त्रास सुरू होतो.

आता हिशोब. पुढच्या वेळी ऑइल बदलताना वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. ५०० किलोमीटर झाले की त्याच जागी, त्याच पद्धतीने बघा. पातळी जेवढी उतरली असेल ती सिरिंजने थोडं थोडं ऑइल घालत पुन्हा त्याच खुणेवर आणा. ६० मिलि लागलं, तर हजाराला १२० मिलि. शेजारी गाडी कशी चालवली तेही लिहा, कारण तासन्‌तास चढ्या आरपीएमवर पळवलेली गाडी तीच असली तरी जास्त ऑइल खाते.

किती म्हणजे जास्त? मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर तीच धरा. नसेल तर जुन्या एअर-कूल्ड सिंगल सिलिंडर गाडीसाठी माझा अंदाज असा. हजार किलोमीटरला १०० मिलिपर्यंत असेल तर मी फक्त दर आठवड्याला डिपस्टिक बघतो. २०० च्या पुढे गेलं की शोध सुरू करतो. लहान इंजिनात एकूण ऑइल लिटरभरच असतं. त्यातलं ३०० मिलि गेलं म्हणजे तिसरा हिस्सा गेला, आणि उरलेलं ऑइल जास्त तापतं, लवकर खराब होतं. ऑइल आणखी कमी झालं की त्याची झळ बहुधा आधी वॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमला आणि रॉकरला बसते, कारण तिथपर्यंत ऑइल सगळ्यात शेवटी पोचतं.

मोजताना डिपस्टिकचा वास जरूर घ्या. कार्बोरेटरमधल्या, पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोट नीडलमधून पेट्रोल झिरपत असेल तर ते सिलिंडरमधून खाली चेंबरमध्ये उतरतं. मग एकीकडे ऑइल जळत असतं आणि दुसरीकडे पेट्रोल भर घालत असतं, त्यामुळे पातळी स्थिर दिसते, कधी चक्क वाढलेली दिसते. ऑइल पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलच्या वासाचं लागलं तर गाडी चालू करू नका. आधी नीडल आणि पेट्रोलची तोटी दुरुस्त करा, ऑइल फिल्टरसकट बदला आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करा. पातळ झालेलं ऑइल रिंगांवरून सहज चढतं. नीडल बदलल्यावर धूर थांबलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पायरी २: कोणतं ऑइल भरलंय?

हे पटकन तपासून होतं. मॅन्युअल २०डब्ल्यू-५० सांगत असेल आणि आत त्याहून पातळ १०डब्ल्यू-३० असेल, तर झिजलेल्या इंजिनात खप वाढणारच. ज्या गाडीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो तिला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं ऑइलच हवं, नाहीतर क्लच घसरायला लागतो. आणि वरच्या खुणेच्या वर भरू नका. जास्तीचं ऑइल फिरत्या भागांनी घुसळलं जातं, त्याचा फेस आणि तुषार होतात, आणि ते ब्रीदरवाटे बाहेर फेकले जातात. "थोडं जास्त असलेलं बरं" असं म्हणत दर वेळी वर भरणाऱ्याची गाडी वरचं ऑइल दर वेळी बाहेर टाकत राहते.

पायरी ३: बाहेरून गळतंय का?

जमीन कोरडी आहे म्हणजे गळती नाही, असं धरू नका. कित्येक गळत्या फक्त इंजिन फिरत असताना होतात, आणि ऑइल वाऱ्याने मागे उडून इंजिनावर, चेनवर, मागच्या टायरच्या कडेवर पसरतं.

इंजिन थंड असताना रॉकेल किंवा डिग्रीझर आणि ब्रश घेऊन पूर्ण साफ करा, हेडच्या फिनांमध्येसुद्धा. पाण्याने धुऊन, पुसून कोरडं करा. मग सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर फुंकरीने भुरभुरवा आणि पंधरा-वीस किलोमीटर जाऊन या. आल्यावर टॉर्च लावून बघा. पावडर जिथे ओली होऊन गडद झाली, तिथे ऑइल पोचलं. त्यातही सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधा, कारण ऑइल खाली ओघळतं आणि मागे उडतं. ब्लॉकखालचं पॅकिंग गळतंय असं वाटून इंजिन उघडावं आणि खरी गळती टॅपेट कव्हरच्या रबरातून निघावी, हा प्रकार नेहमीचा आहे.

टॅपेट कव्हर, हेड आणि ब्लॉकमधला जोड, ब्लॉकच्या बुडाचं पॅकिंग, क्लच कव्हर, ड्रेन बोल्टचा वॉशर या जागा बघून झाल्या की पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडा. हे कुणी उघडत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. आत काळ्या चिखलाचा थर असतो आणि माणूस समजतो, चेनचं ऑइल आहे. चिमटीत धरून बघा. चेनचा लुब चिकट असतो, बोटं वेगळी केली की तार सुटते. इंजिन ऑइल पातळ, बोटांवरून घसरणारं. थर खरवडून जागा पुसा, थोडी गाडी चालवा आणि स्प्रॉकेटच्या शाफ्टभोवती ताजी ओल दिसते का ते बघा. त्या शाफ्टचं ऑइल सील, गिअर टाकायच्या लिव्हरच्या शाफ्टचं सील आणि काही गाड्यांत क्लचच्या पुशरॉडचं सील, हे तिघं शेजारी शेजारी असतात.

सील बदलण्याआधी पुढची पायरी मात्र करा.

पायरी ४: ब्रीदर

पिस्टन खाली आला की चेंबरमधली हवा दाबली जाते. शिवाय धडधाकट इंजिनातही थोडा गॅस रिंगांना चुकवून खाली उतरतोच. हे सगळं बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते, ती बहुतेक एअर बॉक्सला जोडलेली. नळी दुमडली, चिखलाने किंवा ऑइलच्या साक्याने बुजली, तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि तो ऑइलला प्रत्येक सीलमधून बाहेर ढकलतो. अशा वेळी नवं सीलसुद्धा महिन्याभरात गळायला लागतं.

म्हणून नळी काढा, तिच्यातून फुंकून बघा. एअर बॉक्स उघडा. फिल्टर ऑइलने ओला आणि बॉक्सच्या तळाला ऑइलचं डबकं दिसलं, तर एक वाट सापडली. ती किती मोठी आहे हे बघायला नळी एअर बॉक्समधून काढून एका लहान प्लास्टिकच्या बाटलीत सोडा आणि बाटली फ्रेमला घट्ट बांधा. बाटलीच्या तोंडाशी हवा जायला जागा ठेवा आणि एअर बॉक्सचं भोक बंद करायला विसरू नका, नाहीतर धूळ आत जाईल. दोनशे किलोमीटरनंतर बाटलीत काय आलं ते सिरिंजने मोजा. चार-दोन थेंब किंवा पाणचट पांढरट साका आला, तर काळजी नको. थंडीत थोडं थोडं चालवलेल्या गाडीत बाष्प असं जमतं. २० मिलि शुद्ध ऑइल निघालं, तर एवढं तिथूनच जातंय.

आता इंजिन गरम असताना न्यूट्रलला आयडलवर ठेवा आणि त्या नळीच्या तोंडाशी हात धरा. सिंगल सिलिंडरला फुक-फुक असे हलके ठोके जाणवतात, ते नैसर्गिक आहेत. पण ठोक्यांऐवजी सतत जोराची हवा आणि तिच्यासोबत निळसर वाफा येत असतील, तर ज्वलनाचा गॅस रिंगांवरून खाली येतोय. ऑइल भरायचं झाकण उघडून हीच परीक्षा घेण्याची पद्धत आहे, पण त्यातून गरम ऑइल तोंडावर उडू शकतं. नळीवरच करा.

पायरी ५: धूर कधी येतो ते बघा

मला विचाराल तर निम्मं निदान इथे होतं, आणि फुकट होतं. लोक धुराचा रंग बघतात. रंग बघाच, पण त्याहून जास्त बोलकी असते वेळ.

रंगाचं आधी उरकू. निळसर आणि डोळ्यांना झोंबणारा धूर ऑइलचा. काळा धूर पेट्रोल जास्त जाण्याचा, त्याचा ऑइलशी संबंध नाही. थंड सकाळी सायलेन्सरमधून निघून हवेत लगेच विरणारी पांढरी वाफ पाण्याची, ती इंजिन तापल्यावर थांबते. लिक्विड-कूल्ड गाडीत इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर कूलंट जळतंय. तो हेड गॅस्केटचा वेगळा तपास आहे.

वेळ बघायला मदतनीस लागतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सायलेन्सरच्या मागे, उजेड समोरून येईल अशा बाजूला मित्राला उभं करा आणि पहिल्या स्टार्टपासून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. स्टार्ट होताच निळा लोट आला आणि काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात विरला, तर वॉल्व्ह सीलकडे बोट दाखवा. रात्रभर हेडमधलं ऑइल कडक झालेल्या सीलमधून थेंब थेंब गाइडमध्ये उतरतं, तिथून पोर्टमध्ये किंवा सिलिंडरमध्ये जमतं आणि सकाळी पहिल्या ठिणगीला जळून संपतं.

दुसरी परीक्षा उताराची. लांब उतारावर गिअरमध्ये, रेस पूर्ण सोडून गाडी उतरू द्या. त्या वेळी इनलेटमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि सैल गाइडमधून ऑइल आत ओढलं जातं. उतार संपल्यावर रेस द्या. मागून येणाऱ्याला त्या क्षणी एक निळा भपका दिसला आणि मग धूर साफ झाला, तर पुन्हा वॉल्व्हची बाजू. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून एकदम रेस देणं ही याचीच घरगुती आवृत्ती.

रिंगांचा धूर असा येऊन जात नाही. चढावर, मागे माणूस बसलेला असताना, रेस ओढून धरली की तो येतो आणि ओढ आहे तोवर येतच राहतो. इंजिन जितकं तापेल तितका वाढतो, कारण गरम ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या ऑइल रिंगला ते भिंतीवरून खरवडून घेता येत नाही. सकाळच्या थंड स्टार्टला अशी गाडी अगदी सभ्य वागू शकते.

धूर दिसत नाही पण ऑइल संपतं, असंही होतं. हजार किलोमीटरला १५० मिलि जळलं तरी ते किलोमीटरला ०.१५ मिलि पडतं, डोळ्यांना ते जाणवत नाही. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर धूर आणखी झाकला जातो. अशा वेळी पांढरं फडकं सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि दोन-चारदा रेस द्या. कोरडी काजळी झटकली की उडते. ऑइलचे ठिपके फडक्यात मुरतात आणि त्यांच्याभोवती पिवळसर कड उमटते.

पायरी ६: प्लग हातात घेऊन बघा

गाडी किमान दहा किलोमीटर चालवून, आयडलवर न रेंगाळता बंद करा. इंजिन कोमट झालं की प्लग काढा. नुसत्या आयडलवर चाललेल्या इंजिनाचा प्लग कुणाचाही काळा निघतो.

निरोगी प्लगचं, मुळात पांढरं असलेलं चिनी मातीचं टोक फिक्या तपकिरी रंगाचं असतं. काळा, मखमलीसारखा, बोटाला कोरडी काजळी लागणारा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. काळाच पण चकचकीत, ओलसर आणि बोटावर तेलकट डाग सोडणारा म्हणजे ऑइल. तिसरा प्रकार जुन्या ऑइलखाऊ गाड्यांत नेहमी दिसतो: इलेक्ट्रोडवर राखाडी-पांढरट, खडबडीत खपली, नखाने उकरली तर कणाकणाने सुटणारी. ऑइलमधल्या रसायनांची ती राख. म्हणजे ऑइल जळतंय आणि बरेच दिवस जळतंय.

दोन सिलिंडरच्या गाडीत काम सोपं होतं. दोन्ही प्लग शेजारी ठेवा, दोषी सिलिंडर लगेच कळतो.

इथे एक चकवा आहे. एक्झॉस्ट वॉल्व्हचं सील गेलं असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये येतच नाही. ते थेट तापलेल्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये उतरून तिथेच जळतं. धूर भरपूर आणि प्लग स्वच्छ, असं दिसलं तर सायलेन्सरचा पाइप हेडपासून सोडवून टॉर्चने पोर्टमध्ये बघा. वॉल्व्हच्या दांड्याभोवती ओला काळा चिकटा असेल, तर चोर सापडला.

पायरी ७: कॉम्प्रेशन, आणि त्याचं चुकीचं वाचन

इंजिन गरम करा. प्लग काढा, तो कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. तसं न करता सेल्फ मारला तर इग्निशनच्या भागांना धक्का बसू शकतो. पेट्रोलची तोटी बंद करा. गेज बसवा, रेस पूर्ण उघडी धरा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत जोराने किक मारा, साधारण पाच ते सात. रेस बंद ठेवून केलेली चाचणी वाया जाते, हवाच आत जात नाही. आकडा वहीत लिहा.

मग प्लगच्या भोकातून ५ मिलि इंजिन ऑइल घाला, दोन-तीन किक मारून ते भिंतीवर पसरू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला, तर घातलेल्या ऑइलने रिंगांमधली फट तात्पुरती बुजवली, म्हणजे रिंगा किंवा ब्लॉक झिजलेला. आकडा होता तिथेच राहिला, तर गळती वॉल्व्हच्या सीटमधून किंवा हेड गॅस्केटमधून. आकडा किती हवा ते मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांत कॅमवर डिकॉम्प्रेशनची सोय असते आणि ती किकच्या वेगाला दाब मुद्दाम सोडून देते, तिथे कमी आकडा पाहून घाबरू नका.

आता या चाचणीची मर्यादा. पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात. ऑइल आवरायचं मुख्य काम तिसरीचं, म्हणजे ऑइल रिंगचं, आणि तिचा दाबाशी जवळजवळ संबंध नाही. त्यामुळे कॉम्प्रेशन उत्तम असूनही ऑइल रिंग कार्बनमध्ये रुतलेली असू शकते, आणि गाडी पिकअप उत्तम देत ऑइल पीत राहते. वॉल्व्ह सीलचंही तेच, त्यांचा दोष कॉम्प्रेशनमध्ये दिसतच नाही. कॉम्प्रेशन कमी निघालं तर ती बातमी पक्की. चांगलं निघालं तर एवढंच कळलं की वरच्या दोन रिंगा आणि वॉल्व्हच्या सीट ठीक आहेत.

आता खुणा जुळवा

सकाळचा लोट, उताराचा भपका, कॉम्प्रेशन चांगलं, ब्रीदर शांत: वॉल्व्ह सील, कदाचित गाइड. चढावर सततचा धूर, ब्रीदरमधून जोराची हवा, ऑइल घालून केलेल्या चाचणीत आकडा उडी मारतो: रिंगा आणि ब्लॉक. चढावर धूर, प्लगवर राखेची खपली, पण कॉम्प्रेशन आणि ब्रीदर दोन्ही ठीक: ऑइल रिंग अडकलेली. धूर नाही, प्लग स्वच्छ, बाटलीत ऑइल: ब्रीदर किंवा जास्त भरलेलं ऑइल. जुन्या गाडीत दोन वाटा एकदम उघड्या असणं अगदी शक्य आहे, म्हणून एक सापडली की थांबू नका. सगळ्या पायऱ्या पुऱ्या करा.

खूप दिवस उभी राहिलेली गाडी असेल आणि ऑइल रिंगवर संशय असेल, तर इंजिन उघडण्याआधी मी एक संधी देतो. ताजं, योग्य ग्रेडचं ऑइल भरायचं, दीडशे-दोनशे किलोमीटर चांगली ओढ देऊन चालवायची, ते ऑइल काढून पुन्हा ताजं भरायचं आणि मग ५०० किलोमीटरची मोजणी. अडकलेली रिंग कधी कधी अशी सुटते. झिजलेली रिंग मात्र सुटत नाही, आणि जाड ऑइल घालून किंवा बाटलीतली औषधं घालून ती बरीही होत नाही. मॅन्युअलने परवानगी दिलेल्या ग्रेडपैकी जाड ग्रेड वापरून काही महिने ढकलता येतात, एवढंच.

इंजिन उघडलंच तर काय बघायचं

हेड निघालं की वॉल्व्ह सील बदला, दोष दुसरीकडे असला तरी. पण आधी वॉल्व्ह थोडा उचलून गाइडमध्ये आडवा हलवून बघा. हाताला स्पष्ट लटका लागला तर गाइड गेलं आहे, आणि झिजलेल्या गाइडवर नवं सील टिकत नाही. गाइड बदललं की सीटही पुन्हा कापून घ्यावी लागते.

पिस्टनवर ऑइल रिंगच्या खाचेत बारीक भोकं किंवा चिरा असतात. रिंगने खरवडलेलं ऑइल तिथून परत खाली जातं. ती कार्बनने बुजली असतील तर रिंग नवी टाकूनही ऑइल वरच राहणार.

ब्लॉकची झीज मोजायला बोअर गेज नसेल तर फिलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) अंदाज येतो. एक कॉम्प्रेशन रिंग ब्लॉकमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांतली फट मोजा. एकदा वरच्या बाजूला, जिथे रिंगांची धाव संपते तिथे, आणि एकदा तळाशी, जिथे रिंगा पोचतच नाहीत तिथे. समजा वर ०.६१ मिमी आली आणि खाली ०.३०. फरक ०.३१. त्याला ३.१४ ने भागा, सुमारे ०.१० मिमी. वरचा व्यास खालच्यापेक्षा तेवढा वाढला आहे. हा आकडा मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादेच्या आत असेल तर हलकं होनिंग (ब्लॉकची भिंत दगडाने घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात, बाहेर असेल तर बोअर आणि ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचा, पिस्टन. निकासिलसारखा लेप दिलेल्या ब्लॉकला हे लागू नाही. त्याला साध्या दगडाने होन करायचं नाही.

ब्लॉक घासलेल्या काचेसारखा करडा आणि उभ्या बारीक रेघांनी भरलेला दिसला, तर धूळ आत आली आहे. एअर फिल्टर, त्याचं रबर, कार्बोरेटरचा जोड हे दुरुस्त न करता नव्या रिंगा टाकल्या तर त्यांचीही तीच गत होईल.

बांधताना रिंगांवरची खूण वरच्या बाजूला, आणि तोंडं एका रेषेत न येता वेगवेगळ्या दिशांना. ऑइल रिंगच्या नागमोडी स्प्रिंगची दोन टोकं एकमेकांना फक्त टेकली पाहिजेत. ती एकमेकांवर चढली तर रिंग आपला दाब गमावते आणि नवंकोरं इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल खातं. ब्लॉक खाली सरकवण्याआधी तिथे टॉर्च मारून खात्री करा.

गाडी चालू झाल्यावर पहिले काही दिवस थोडा धूर आला तर दचकू नका, सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑइल जळून जायला वेळ लागतो. आयडलवर तासभर ठेवू नका. त्याने रिंगा बसत नाहीत, उलट ब्लॉकला चकाकी चढते. आरपीएम खालीवर करत, मध्यम ओढ देत चालवा, पहिलं ऑइल लवकर बदला. मग तीच वही काढा. पहिल्या ५०० किलोमीटरला रिंगा अजून बसत असतात, तेव्हा तो आकडा लिहा पण त्यावरून काही ठरवू नका. दुसऱ्या ५०० चा आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहिला की काम झालं की नाही ते कळतं.